चिकटला म्हणजे औषध नव्हे

संपादक महोदय,

‘रेणू डीएनएला चिकटला’ एवढ्यावरून कर्करोगाच्या औषधाची बातमी करणे घाईचे आहे. गुणसूत्रांच्या टोकांशी टीटीएजीजीजी हा क्रम वारंवार येतो. त्यातली ४-४ ग्वानिन (क्रमातला ‘जी’) चौकट धरतात, चौकटी एकावर एक रचतात आणि मधे पोटॅशियम बसते; हीच चौपदरी रचना, जी-क्वाड्रुप्लेक्स. औषध म्हणून तपासला जाणारा चपटा रेणू बहुधा कडेच्या चौकटीवर टेकतो. ही रचना किती तापमानाला उलगडते आणि रेणूमुळे ते किती वाढते, हे पाहणाऱ्या वितळण्याच्या चाचणीत १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ९० मिलिमोलर लिथियम क्लोराइड घेतात. पोटॅशियम वाढले की रेणूविना उलगडण्याचे मूळ तापमानच इतके चढते की रेणूचा परिणाम दिसेनासा होतो. डीएनए आधी ९५ अंशांवर ५ मिनिटे तापवून सावकाश थंड करावा. टीएमपीवायपी४ हा असा एक रेणू साध्या दुपदरी डीएनएलाही बिलगतो, म्हणून चाचणीत दुपदरी डीएनए मुद्दाम जास्त घालून पाहावा. पायरिडोस्टॅटिन या दुसऱ्या रेणूचा चौपदरी रचनेवरचा परिणाम तिथेही बराच टिकतो.

— एक वाचक