सोलर बसवले, युनिट कुठे गेले?

महोदय,

गच्चीवरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागल्यापासून गच्च्यांवर सोलर वाढले, आणि ‘सांगितली तेवढी वीज होत नाही’ ही तक्रारही. खापर पॅनेलवर फुटते. पॅनेल मात्र क्वचितच बिघडलेले असते.

आपल्याकडे १ किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरतात. जुलैच्या ढगाळ दिवशी ३ किलोवॉटचे १२ युनिट शोधू नयेत. तक्रार खरी ठरते ती स्वच्छ उन्हात.

पहिला संशय सावलीवर. जागा पाहणारा मे महिन्यात आला तर सूर्य डोक्यावर असतो, टाकीची सावली तिच्या बुडाशीच. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर ती भर दुपारीसुद्धा जवळजवळ टाकीच्या उंचीएवढी उत्तरेला पसरते. पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्याने एका कोपऱ्यावरची सावलीही अंगाशी येते.

दुसरे कारण सहसा कोणी पाहत नाही. लाइनमध्ये वीज ढकलायची तर इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरगुती एसीत बदलणाऱ्या यंत्राला, आपले व्होल्टेज लाइनपेक्षा किंचित वर न्यावे लागते. डीपीपासून (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, एकाच फेजवर पाच-सहा सोलर असतील तर दुपारी व्होल्टेज २५० च्या पुढे सरकते, ठरलेली मर्यादा ओलांडताच इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि काही मिनिटांनी पुन्हा लागतो. ऊन सर्वांत कडक तेव्हाच हा खेळ चालतो! इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ची (लाइनचे व्होल्टेज जास्त झाल्याची) नोंद दिसली तर दुपारी इन्व्हर्टरवर आणि मीटरवर एकाच वेळी व्होल्टेज मोजावे. फरक ४-५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आपलीच केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे. केबल जाड घ्यावी, जोड घट्ट करावा. दोन्हीकडे सारखेच चढलेले असेल तर डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) बदलणे, फेज वाटून देणे हे वीज कंपनीचे काम; मोजलेले आकडे, तारीख, वेळ अर्जात लिहावी.

(लाइट गेली की सोलर बंद पडते, तो मात्र बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते.)

तिसरा संशय जोडांवर. पक्कडीने दाबून बसवलेले डीसी कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) आधी तापतात, मग काळे पडतात. ते उन्हात ओढून काढू नयेत. सहा पॅनेल मिळून २५० ते ३०० व्होल्ट डीसी होते, आणि डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), आणि कनेक्टरला हात शक्यतो सूर्य मावळल्यावरच.

– एक वाचक, सातारा