भरतीच्या वेळेवरून अपूर्णांक

संपादक साहेब,

यंदाच देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पाचवीच्या पोरांच्या डोक्यात अपूर्णांक काही केल्या शिरेनात, मग त्यांच्या मच्छीमार आजोबांचाच हिशोब फळ्यावर घेतला, तिथीची पाऊणपट केली की समुद्राच्या भरतीची वेळ, म्हणजे पंचमीला साधारण पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पोरं अशी तुटून पडली की बेल झाली तरी उठेनात! पोराला जे येतं तिथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, उत्तर मालवणीत दिलं तरी चालेल, २०२० चं शैक्षणिक धोरणही पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिकवा असंच सांगतं. बदलीची खटपट मला करायची नाहीय, इथेच राहून असे धडे जमवायचेत, पुढे केंद्रप्रमुख होऊन आसपासच्या शाळांत न्यायचेत. जाणत्या मच्छीमारांनी आपले हिशोब जरूर कळवावेत.

– एक शिक्षिका, देवगड