स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. रात्री माझ्या पिकअपच्या समोरून जी माणसं जातात, ती तुमचं थोडंफार देणं लागतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. मला आहे, म्हणून त्यांच्याही वतीने लिहितो. नाव छापू नका म्हणालात, तेव्हा ते लिहीत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी तक्रार एका वाक्यात संपणारी होती. डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या उजेडावर, चालवत असूनही समोरचे अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारतात. काही जण तर जाताजाता काच खाली करून दोन शब्द ऐकवूनही जायचे. त्याआधी एका ठिकाणी हेडलाइटचा फोकस सेट करून घेतला होता. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, दोन्ही स्क्रू अंदाजाने फिरवले आणि झालं म्हणून सांगितलं. समोरच्यांच्या शिव्या थांबल्या खऱ्या, पण उजेड बंपरच्या पुढ्यात येऊन पडला. रिकाम्या गाडीत रस्ता दिसेनासा झाला आणि माल भरला की शिव्या पुन्हा सुरू.

तुम्ही गाडी भिंतीसमोर लावून 10 मीटरवर बघितलंत, तर उजव्या दिव्याच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा तब्बल 45 सेंमी खाली होती. मग खडूने जमिनीवरच हिशोब मांडलात. दिवा 90 सेंमी उंच, 10 मीटरला 45 सेंमी उतार, म्हणजे उजेड 20 मीटरवर जमिनीला टेकणार. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. "दिसलं म्हणेपर्यंत पोचलात," एवढंच बोललात. त्या खडूच्या आकड्यांकडे बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, पण त्या रस्त्याने मी रोज रात्री जात होतो.

तरीही तुम्ही स्क्रूला हात लावला नाहीत. आधी विचारलंत, "गाडीत माल किती असतो, आणि कुठे ठेवता? पुढे की फाळक्याकडे?" हेडलाइटसाठी आलेल्या माणसाला हौद्यातल्या मालाबद्दल कोण विचारतं? खरं सांगायचं तर माणूस वेळ काढतोय असंच वाटलं होतं.

त्यानंतर तुम्ही चारही टायरची हवा बघितलीत. मागचा एक टायर कमी निघाला, तो भरून घेतलात. पाट्यांखाली, म्हणजे चाकावरच्या लोखंडी स्प्रिंगांखाली, वाकून बॅटरीच्या उजेडात एकेक पान तपासलंत आणि पाटे थकलेत, पण मोडलेले नाहीत, असा निकाल दिलात. मग दिव्याच्या मागचं रबर काढून बल्ब बाहेर घेतलात. डावीकडचा बल्ब तिरका बसलेला होता. एच४ म्हणतात त्या जातीच्या हॅलोजन बल्बच्या चकतीला तीन कान असतात आणि त्यातला एक रुंद असतो, म्हणजे तो एकाच रीतीने बसतो. पण क्लिप जोर करून दाबली की तो अर्धवट अडकूनही राहतो. हे मला माहीत नव्हतं. तुम्ही बल्ब काचेला बोट न लावता धरून आतली बारीक धातूची वाटी दाखवलीत. डिपरच्या पेटणाऱ्या तारेखाली ती असते आणि खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर, म्हणजे दिव्यातल्या आरशावर, उजेड पडू देत नाही, म्हणून डिपरच्या उजेडाला वरून कापल्यासारखी कड येते. बल्ब तिरका तर वाटी तिरकी, आणि वाटी तिरकी तर कडही तिरकी. अशा दिव्याचे स्क्रू कितीही फिरवा, एक बाजू जागेवर आणली की दुसरी बिघडणार, आणि वर राहिलेली बाजू माल भरला की समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. तुम्ही बल्ब नीट बसवलात आणि भिंतीवरची कड तिथल्या तिथे सरळ झाली. मिस्त्री, त्या क्षणी मला तुमचा वेळकाढूपणा कळायला लागला.

याच वेळी तुम्ही एलईडीचा विषयही निकालात काढलात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता जास्त उजेडाचा एलईडी बल्ब घालू का, असं मी विचारलं होतं. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा तारेच्या ठरलेल्या जागेसाठी काढलेला असतो, उजेड तिथून एवढासाही सरकला तर तो भलतीकडे जातो, असं तुम्ही सांगितलंत. भिंतीवर पांढरंफेक दिसेल आणि समोरच्याच्या डोळ्यांतही तेच जाईल. मला हे पटलं. पटलं नसतं तरी तुम्ही बसवून दिला नसतात, हेही दिसत होतं.

पण खरी गोम निघाली ती डॅशबोर्डवरच्या छोट्या चाकात. शून्य ते तीन आकडे असलेलं ते चाक मालाप्रमाणे फिरवायचं असतं, म्हणजे आतल्या मोटरी दिवे खाली झुकवतात. मी ते फिरवत होतोच. तुम्ही मला सीटवर बसवलंत, इंजिन बंद ठेवायला लावलंत, किल्ली नुसती ऑन. चाक फिरव म्हणालात आणि स्वतः बॉनेटखाली वाकून कान दिव्याला लावलात. उजवीकडून किर्र असा बारीक आवाज आला. डावीकडून काहीच नाही. डाव्या मोटरचा कनेक्टर निघून लोंबकळत होता, बहुधा आधीच्या कोणत्या तरी कामात. म्हणजे चाक तीनवर नेलं की उजवा दिवा खाली जायचा आणि डावा होता तिथेच राहायचा. इतका उजेड करणाऱ्या वस्तूचा दोष तुम्ही कानाने शोधलात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कनेक्टर बसवून झाल्यावर भिंतीचं काम. ते तुम्ही ज्या शिस्तीने केलंत ते इथे नीट लिहितो, कारण पिकअप चालवणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल. आधी पाण्याच्या पारदर्शक नळीने जमिनीची पातळी बघितलीत. गाडी उभी राहते तिथपेक्षा भिंतीच्या पायथ्याची जमीन 5 सेंमी जरी खाली असली तरी 10 मीटरला अर्धा टक्का तिथेच चुकतो. मग गाडी नाकासकट भिंतीला भिडवलीत, दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या समोर फुल्या मारल्यात आणि सरळ रेषेत 10 मीटर मागे घेतलीत. हौदा रिकामा, सीटवर मी एकटा, चाक शून्यावर. गाडीचा पुढचा-मागचा भाग दाबून दोन-तीनदा हलवलात, म्हणजे सस्पेन्शन जिथे बसायचं तिथे बसेल. दिव्याजवळच्या स्टिकरवर 1.3 टक्के लिहिलेलं होतं. तो कंपनीने ठरवून दिलेला उतार. म्हणून फुल्यांच्या 13 सेंमी खाली आडवी रेघ. या हिशोबाने डिपर जवळपास 70 मीटरपर्यंत पोचतो. कुठे 20 आणि कुठे 70!

दुसऱ्या दिव्यासमोर पुठ्ठा उभा धरलात, काचेला न टेकवता. आणि मग, इतक्या सगळ्यानंतर, स्क्रू. वरचा स्क्रू उंचीसाठी, बाजूचा डावी-उजवीसाठी. कड आधी रेघेच्या खाली उतरवून मग हळूहळू वर चढवत रेघेवर आणलीत, म्हणजे प्लास्टिकच्या गिअरमधली ढिलाई निघून जाते आणि पहिल्याच खड्ड्यात दिवा खाली बसत नाही. कड जिथून डावीकडे वर चढायला लागते तो कोपरा फुलीतून काढलेल्या उभ्या रेघेवर. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून उजेडाची डावी बाजू वर. कडेने चालणारा माणूस आणि रस्त्यावरच्या सूचनांच्या पाट्या त्यात दिसतात, आणि उजवीकडे समोरच्याचे डोळे अंधारात राहतात. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे ठाऊक नव्हतं की दिव्यालाही डावं-उजवं कळतं.

कोणीही इथे थांबला असता. रिकाम्या गाडीचा फोकस अगदी नियमाप्रमाणे लागला होता. तुम्ही म्हणालात, "आता भरून आणा." तेवढ्यासाठी परत यायचं माझ्या जिवावर आलं होतं, तरी आलो.

भरलेल्या गाडीची तुम्ही चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजलीत. मागची बाजू 8 सेंमी बसली होती, पुढची फक्त 2. फरक 6 सेंमीचा, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अंतर 3 मीटर. म्हणजे गाडीचं नाक 2 टक्के वर. ज्या उजेडाने 1.3 टक्के खाली जायला हवं तो आता 0.7 टक्के वर चाललेला. 50 मीटरवर तो सव्वा मीटरच्या आसपास पोचतो, नेमका समोरच्या मोटारीतल्या माणसाच्या डोळ्यांशी. मला शिव्या का बसत होत्या त्याचं याहून स्वच्छ उत्तर मला कोणी देऊ शकलं नसतं. सहा सेंमी! माझ्या बोटाएवढंही नाही. मग तुम्ही मला चाक फिरवायला लावलंत आणि भिंतीवर बघत राहिलात. एकवर थोडं उतरलं, दोनवर अजून, तीनवर दोन्ही कडा रेघेच्या जवळ आल्या. या वेळी दोन्हीकडून किर्र ऐकू आलं.

माल पुढे सरकवून ठेवला, मागच्या चाकाच्या पुढे, तर फरक आणखी कमी होतो, हेही तुम्ही त्याच वेळी करून दाखवलंत. तो पहिला प्रश्न कुठे जात होता ते तेव्हा समजलं.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही, ते सांगून टाकतो. तुम्ही खडूवर भागवता. मी घरी आल्यावर शेडच्या भिंतीवर तीच मापं रंगाने काढून ठेवली आहेत: आडवी रेघ, दोन उभ्या रेघा, आणि जमिनीवर गाडीच्या पुढच्या चाकांसाठी खूण. टायर बदलला, बल्ब गेला, कुठे बंपर घासला, की संध्याकाळी गाडी त्या खुणेवर लावतो आणि बघतो. खडू पावसात जातो, मिस्त्री. तुमचं म्हणणं आहे की दर वेळी नव्याने मोजलं की माणूस जमीनही नव्याने बघतो. असेल. पण मी आळशी आहे आणि रंग टिकतो.

समोरचे अप्पर मारायचे थांबलेत, हे तर आहेच. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. भरलेल्या गाडीत आधी उजेड झाडांच्या फांद्यांवर जायचा आणि रस्ता मधल्या अंतरात काळा असायचा. आता रस्त्याची कड, खड्ड्याची सावली, दिवा नसलेली सायकल, सगळं वेळेवर दिसतं. त्यामुळे मी आपोआप कमी वेगाने नाही, पण कमी धास्तीने चालवतो. घरी पोचल्यावर खांदे दुखत नाहीत.

पैसे घेताना तुम्ही जे काम केलंत त्याच्या मानाने फारच कमी घेतलेत. मी जास्त द्यायला लागलो तर स्क्रू तर दोनच फिरवले म्हणालात. त्याबद्दल इथे चारचौघांत निषेध नोंदवतो.

आता एक विचारायचं आहे. पुढच्या महिन्यात मागचे पाटे बदलून घेतोय. नवे पाटे चढवले की मागची बाजू वर येणार, म्हणजे दिवे पुन्हा खाली बघणार, आणि पाटे वापरात येऊन थोडे बसले की हिशोब परत हलणार. तर लगेच गाडी घेऊन येऊ, की काही भरलेल्या फेऱ्या झाल्यावर? लगेच या म्हणालात तर सकाळी रिकामी आणतो आणि दुपारी भरून. मापाची पट्टी मी आणेन, खडू तुमचा.

तुमचा,
एक पिकअपवाला