अप्पांचा रॉकेलचा डबा

प्रिय दिग्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, कबूल. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच.

काल माळ्यावरून अप्पांचा रॉकेलचा डबा खाली काढला. गंजलाय, पण खिळ्याने कोरलेला खोलीचा नंबर दिसतो. रेशनच्या रांगेत डबे ठेवून आपण गोट्या खेळायचो आणि तू माझा डबा हळूच मागे सरकवायचास. शेवडेकाकूंनी पाहिलं होतं, नाही म्हणू नकोस.

खानावळीला आठ दिवस सिलिंडर नाही रे. एजन्सीवाला म्हणतो, माल कमी आलाय, आधी घरगुती, मग धंदेवाले. त्याचं चुकत नाही, पण माझ्या साठ डब्यांचं काय? दोन इंडक्शन आणले. एकदम लावले तर खटका पडला, फ्लॉवर अर्धा कच्चा. गॅसवाल्याच्या तावडीतून सुटलो तो मीटरच्या तावडीत.

रात्री झोप येत नाही, मग अशा वेळी देश काय करतात ते वाचत बसतो. 1973 च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल अडवलं, पिंप तीन डॉलरवरून दोन-तीन महिन्यांत बाराच्या घरात. हॉलंडने रविवारी गाड्याच बंद ठेवल्या, लोक हमरस्त्यावर सायकली घेऊन निघाले. पुढच्याच वर्षी श्रीमंत देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढली आणि आयातीच्या हिशेबाने साठा ठेवायचं ठरवलं, आधी 60 दिवसांचा, पुढे 90 दिवसांचा. अप्पांचाच डबा, जरा मोठा. श्रीलंकेने 2022 मध्ये क्यूआर कोडवर आठवड्याचं पेट्रोल वाटलं. म्हणजे आपलं रेशनकार्ड, फोनमध्ये.

आपणही विशाखापट्टणम, मंगळूर, पादूरला जमिनीखाली गुहा खोदल्या. 53.3 लाख टन मावतं, देशाला साडेनऊ दिवस पुरेल इतकं. पण ते कच्चं तेल! माझ्या शेगडीतला गॅस निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बराचसा इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, त्या चिंचोळ्या बोळातून. त्याच्याही गुहा आहेत, पण त्यामानाने चिमुकल्या.

फ्रान्सने 1974 मध्ये अणुविजेचा धडाका लावला, ब्राझीलने 1975 पासून उसाचं अल्कोहोल गाड्यांत घातलं. त्यांनी चूलच बदलली. पण त्यांच्या हाताशी वर्षं होती, मला सकाळी साडेदहाला डबे भरायचेत. चाळीत सिलिंडर रचून ठेवायची हिंमत नाही, कायदाही आडवा येतो. विजेचा लोड वाढवायचा तर अनामत, नवं वायरिंग. आणि बिल्डर म्हणतो दोन वर्षांत पाडतो. हे तो सात वर्षं म्हणतोय! पैसे घालू की नको, एवढंच सांग. आणि उपदेश नको. इराकने कुवेत गिळलं तेव्हा तू 'कमी वापरायला शिका' म्हणून भाषण दिलंस, आणि त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल नळीने ओढलंस. पस्तीस वर्षं झाली, अजून कबूल नाहीस.

चिन्मयीचं ठरलं हे ऐकून फार बरं वाटलं. तारीख कळव, येतोच. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं रिटायरमेंटचं काय झालं, ते सविस्तर लिही.

अरे हो, डब्यासोबत पितळी स्टोव्हही सापडला. पंपाचं चामड्याचं वॉशर गेलंय, इथे कुणाकडे मिळत नाही. चिपळूणच्या बाजारात बघ. दोन आण. रॉकेल कुठून आणणार, असं ही विचारते. ते नंतर बघू.

तुझा,
सुन्या