पैसे न लावता रंगणारा फुटबॉल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन जुगारावरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. पैसे लावायच्या ॲपपायी आमच्या भागातली कमावती पोरे कर्जात रुतली, हे मी जवळून पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण लेखात फँटसी फुटबॉललाही त्याच रांगेत बसवले आहे, ते पटले नाही, म्हणून हे पत्र. फँटसी फुटबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडायचा आणि ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात.

इंग्लिश प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचा, अधिकृत फँटसी खेळ २००२-०३ च्या मोसमापासून चालू आहे आणि तो फुकट आहे. खिशातून काही जात नाही. मोसमाच्या सुरुवातीला दहा कोटी पौंड मिळतात, तेही कागदावरचे. त्यात पंधरा खेळाडू बसवायचे: दोन गोलकीपर, पाच बचावपटू, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. एका क्लबचे तीनच चालतात. गणपतीच्या बाजाराला निघालेल्या माणसाचा हिशेब असतो तसाच हा! हालांडसारख्या महागड्या गोलवीराला घेतले की बाकीच्यांत काटकसर आलीच. मग आपण अशा माणसाच्या शोधात लागतो ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. २०२४-२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या क्रिस वूडने वीस गोल केले. न्यूझीलंडचा हा तिशी ओलांडलेला फॉरवर्ड ज्यांनी ऑगस्टमध्येच हेरला होता, त्यांचा आनंद काय वर्णावा! त्याच मोसमात लिव्हरपूलच्या सालाहने या खेळात ३४४ गुणांचा विक्रम केला, पण तो तर सगळ्यांकडेच होता.

मी वेंगुर्ल्याचा. गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स ही नावे लहानपणापासून कानावर. फुटबॉल पाहत आलो, पण पाहायचो तो फक्त चेंडू. गोल झाला की ओरडायचे, नाही झाला तर चॅनेल बदलायचे. बचावपटू काय करतो हे मला या खेळाने दाखवले. साठ मिनिटे तरी मैदानात राहिलेल्या बचावपटूच्या संघाने तो मैदानात असेपर्यंत गोल खाल्ला नाही तर चार गुण. दोन खाल्ले तर उलट एक वजा. आता डोळ्यांसमोर आणा: बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर शून्य-शून्य, पंच्याऐंशीवे मिनिट, समोरच्या संघाला कॉर्नर आणि माझे दोन बचावपटू त्या गर्दीत. कोण कोणाला धरून उभा आहे, पहिल्या खांबाशी कोण आहे, कीपर पुढे येतोय की रेषेवरच थांबलाय, सगळे दिसायला लागते. चेंडू डोक्याने बाहेर काढला गेला की घरात जो जल्लोष होतो तो गोलाइतकाच मोठा असतो. २०२५-२६ पासून तर टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढणे), क्लिअरन्स (धोक्यातला चेंडू दूर मारणे), अडवलेले फटके आणि पास यांनाही मोल आले आहे. बचावपटूने सामन्यात अशी दहा कामे केली की दोन गुण. घाम गाळणाऱ्याची कोणीतरी नोंद घेतली याचे मला फार समाधान आहे.

आणि माणसे जोडली जातात ती वेगळीच. या खेळात आमची घरची लीग, म्हणजे घरच्यांची आपापसातली स्पर्धा आहे. भाचा मुंबईत, पुतणी पुण्यात, चुलतभाऊ मस्कतला. एरवी सणावारीच फोन व्हायचा, आता दर आठवड्याला होतो. ‘मामानू, कॅप्टन कोणाक केल्यात?’ इथूनच सुरुवात, कारण कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. मग आईची तब्येत, कलमांचा मोहर, सगळे ओघाने येते. २०२५ च्या गणपतीत शनिवारी दुपारी साडेतीनची, संघात बदल करायची डेडलाइन होती. मोदक जेवून पडवीत आडवे झालेले चाकरमानी तीनला उठून बसले आणि फ्री ट्रान्सफर (गुण न गमावता खेळाडू बदलायची संधी) आता वापरावी की राखून ठेवावी यावर आरतीच्या तयारीपर्यंत वाद चालला. पुतणी आमच्यात सर्वांत पुढे आहे. ती आकडे बघते, आम्ही नावे बघतो.

मोबाइलवर वेळ जातो, ही लेखातली तक्रार मात्र मान्य. पण जुगारात हरलेला माणूस तोंड लपवतो. आमच्याकडे तळाला असलेलाच सगळ्यांत जास्त बोलतो.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या क्रीडा पानावर क्रिकेटला भरपूर जागा असते, ती असावीच. पण प्रीमियर लीगचे निकाल आणि गुणतक्ता आठवड्यातून एकदा छापता आला तर पाहावे. रविवारचे सामने रात्री उशिरा संपतात, सोमवारच्या कोकण आवृत्तीत ते बसणार नाहीत हे समजू शकतो. मंगळवारी दिलेत तरी चालेल. गोल करणाऱ्यांच्या नावांबरोबर गोल न खाल्लेल्या संघांचीही यादी द्यावी, ही खास विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग