धाकट्याला तूच सांग

प्रिय मन्या,

मी बरा, आईची शुगर आटोक्यात. धाकट्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं, आता घरी आहे, घाबरू नकोस.

रात्री त्याच्या छातीत कळ आली, पार डाव्या खांद्यापर्यंत, आणि मला एकदम तुझे बाबाच आठवले. हे दुसऱ्या कुणाला सांगू? पण याचं दुखणं वेगळं निघालं. आडवा झाला, खोल श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखं व्हायचं आणि उठून पुढे वाकून बसला की उतरायचं. ईसीजीत एसटी म्हणतात तो रेघेचा तुकडा जवळपास सगळीकडे वर गेलेला, अटॅकमध्ये तो सहसा हृदयाच्या एखाद्या भागापुरता वर जातो म्हणे. डॉक्टर म्हणाले पेरिकार्डायटिस. हृदयाभोवती दोन पदरांची पिशवी असते, ती सुजली की पदर एकमेकांवर घासतात, स्टेथोस्कोपमधून ऐकूसुद्धा येतं. आधी सर्दी-ताप झाला होता ना, बहुतेक त्याच व्हायरसचं काम. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्या पिशवीत थोडंसं पाणी दिसलं. तेच भराभर साठलं असतं तर हृदयाला फुलायला जागाच उरली नसती, सुई घालून काढावं लागलं असतं, हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीये.

आता खरी गोष्ट. दुखणं थांबलं आणि साहेब बूट शोधायला लागले! दुखण्या-सुजेवरची आयबुप्रोफेन हळूहळू कमी करायचीये, कोल्चिसिन ही सुजेवरची दुसरी गोळी ३ महिने घ्यायचीये आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी), ईसीजी, इको नीट येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत धावणं बंद. हे दुखणं १०० पैकी १५ ते ३० जणांना परत उलटतं, कोल्चिसिनने तो धोका साधारण निम्म्यावर येतो, मग गोळी मधेच कशी सोडायची? मी सांगितलं की म्हणतो दादा तू उगाच घाबरतोस.

धावायचं वेड तूच लावलंस त्याला, स्वतः जिना चढायला कुरकुरणारा माणूस कोच झाला होता! गुडघा दुखत असताना त्याला पळवलंस त्यावरून आपण भांडलो, माझं मत अजून तेच आहे. पण तो ऐकतो तुझंच. तर आज रात्री फोन कर, मी पत्र लिहिलं ते सांगू नकोस, आणि परत कळ आली किंवा दम लागला तर लपवायचं नाही हे त्याच्याकडून कबूल करून घे. तुझ्यापाशी तो खोटं बोलत नाही.

नवीन नोकरी कशी आहे? वहिनींची परीक्षा झाली का? पिल्लूला पापा. फोन झाला की लगेच मला कळव, कितीही वाजले तरी.

तुझा,
बंड्या