वाळूवर घडलेले सुवर्णपदक

महोदय,

लहान प्रदेशात मोठे खेळाडू घडत नाहीत, हा आपल्याकडे वरचेवर ऐकू येणारा युक्तिवाद फिजीच्या रग्बी संघाने केव्हाच खोडून काढला आहे. गोव्याहून कमी लोकसंख्येच्या या देशाने २०१६ मध्ये रिओ येथे, सात खेळाडूंची रग्बी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली तेव्हा, अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनचा ४३-७ असा धुव्वा उडवून आपले पहिलेवहिले ऑलिंपिक पदक, तेही थेट सुवर्ण, पटकावले. त्या विजयाप्रीत्यर्थ तिथे चक्क सात डॉलरची नोट निघाली! टोकियोत न्यूझीलंडला २७-१२ असे नमवून त्यांनी सुवर्ण राखले. पॅरिसमध्ये मात्र यजमान फ्रान्समुळे रौप्यावर समाधान मानावे लागले.

रिओपूर्वी या संघाने फिजीतल्याच सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर घाम गाळला होता. पाय रुतत असताना चढ धावत चढायचा, असा तो सराव. वाळू आपल्याकडेही आहे, पण संध्याकाळी किनाऱ्यावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खुर्च्या-छत्र्यांच्या रांगांतून जागा शोधावी लागते. क्रीडा व पर्यटन खात्यांनी मिळून किनाऱ्याचा एखादा सपाट पट्टा (वाळूच्या टेकड्यांना हात न लावता) शालेय मुलांच्या सरावासाठी राखून ठेवावा, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, म्हापसा